तळाशी गाळ

"व्हॉट्स युवर पॉयझन?" असं त्या गोऱ्या इंजिनियरने विचारलं आणि आमचे साहेब एक सेकंदही न थांबता म्हणाले, "सल्फर, सर. अँड अ लिटल क्लोरीन."

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची, बडोद्यातल्या एका हॉटेलातली. मी तेव्हा नवीनच लागलो होतो, केमिकल इंजिनियर, ट्रेनी, म्हणजे थोडक्यात साहेबांची बॅग धरणारा. प्लांट सुरू करून द्यायला लायसन्सर कंपनीचा, म्हणजे जिचं तंत्रज्ञान वापरलं त्या कंपनीचा, एक इंग्रज आला होता, साठीचा, लालबुंद, दिवसभर आमच्याबरोबर मे महिन्याच्या उन्हात रिफॉर्मरच्या, म्हणजे प्लांटमधल्या मोठ्या भट्टीच्या, लोखंडी पायऱ्या चढायचा-उतरायचा आणि संध्याकाळी हॉटेलवर पोचला की खिशातून परमिट काढून टेबलावर ठेवायचा. गुजरात म्हणजे ड्राय स्टेट, पण परदेशी पाहुण्याला परमिट मिळतं. त्या दिवशी त्याने आम्हालाही वर बोलावलं आणि हा प्रश्न टाकला. आता इंग्रजीत त्याचा अर्थ एवढाच की बाबा काय घेणार, व्हिस्की का बियर. पण साहेबांचं अख्खं आयुष्य कॅटॅलिस्टमध्ये गेलेलं, आणि कॅटॅलिस्टवाल्याला पॉयझन म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. गोरा आधी नुसता बघत राहिला आणि मग इतका हसला की डोळ्यातून पाणी. साहेबांनी तो जोक केला होता की त्यांना प्रश्न खरंच तसा ऐकू आला होता हे मला आजवर कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आम्ही दोघांनी फ्रेश लाइम सोडा घेतला.

पण तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात बसलाय. पॉयझन.

आधी आमच्या धंद्यातलं सांगतो कारण ते फारसं कुणाला माहीत नसतं. कॅटॅलिस्ट म्हणजे जो स्वतः खर्च न होता रिॲक्शन घडवून आणतो तो, हे सगळे शाळेत शिकतात. तो मरतो कसा हे शाळेत शिकवत नाहीत. समजा निकेलचा कॅटॅलिस्ट आहे, त्याच्या पृष्ठभागावर काही ठराविक जागा असतात जिथे गॅसचे रेणू येऊन टेकतात, तिथेच त्यांचं जुळतं-तुटतं आणि मग ते उठून जातात, दुसरे येतात. पंगतच म्हणा ना. जेवले, उठले, पुढची पंगत. आता गंधक कसं येतं, तर पाटावर येऊन बसतं, जेवत पण नाही आणि उठत पण नाही. असे पाहुणे वाढत गेले की वाढपी तयार, स्वयंपाक तयार, पण बसायला पाट नाही. दहा लाखात अर्धा भाग गंधक सुद्धा चालत नाही अशी त्याची भीती, म्हणून गॅस आधी झिंक ऑक्साइडच्या थरातून नेतात, तिथेच त्या गंधकाला दारात अडवायचं. याला आम्ही सरळ पॉयझनिंगच म्हणतो, रिपोर्टमध्ये पण तेच लिहितो, आणि आमचे गुजराती ऑपरेटर तर "साहेब, केटालिस्टने झेर चडी गयुं" असं म्हणायचे, जसं काय त्याला साप चावलाय.

आणि यातच एक गंमत आहे जी मला फार आवडते. लिंडलर नावाच्या केमिस्टने पॅलेडियमचा एक कॅटॅलिस्ट केला, त्यात त्याने शिसं आणि क्विनोलिन नावाचं एक रसायन मुद्दाम घातलं. म्हणजे मुद्दाम विष दिलं. कारण शुद्ध पॅलेडियम इतकं उत्साही की रिॲक्शन अर्ध्यावर थांबवायची असते आणि ते थांबतच नाही, पार शेवटपर्यंत जाऊन पोचतं. थोडं विष दिलं की पाहिजे तिथे थांबतं. ऑफिसात असे दोन-तीन शुद्ध पॅलेडियम मी बघितले आहेत, त्यांच्या चहात कुणी थोडं क्विनोलिन घालायला हवं होतं असं वाटायचं. असो.

शिशाचं आणखी एक. आपल्याकडे पेट्रोलमध्ये शिसं असायचं ते १ फेब्रुवारी २०००पासून बंद झालं, तेव्हा सगळे म्हणाले की मुलांच्या मेंदूसाठी चांगलं झालं, ते खरंच आहे, पण शिसं काढायला लागलं त्याचं एक मोठं कारण असं की गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करायला जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवतात त्याला शिसं चढतं. म्हणजे एकच विष माणसाला पण आणि यंत्राला पण, आणि मला वाटतं यंत्राची काळजी आधी घेतली गेली.

तर शब्द. हे मी कुठे कुठे वाचून, डिक्शनऱ्या चाळून गोळा केलेलं आहे, मी काही भाषेचा माणूस नाही. पण पॉयझन हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'पोटिओ', म्हणजे नुसतं पेय. घोट. बाकी काही नाही. इंग्रजीत जो 'पोशन' आहे, जादूगाराचं औषध वगैरे, तो याचाच सख्खा भाऊ, एकाच आईचे दोन, एक जरा बरा निघाला. आणि पुढे गेलात तर या लॅटिन शब्दाचं आणि आपल्या संस्कृतातल्या 'पा' धातूचं मूळ एकच, पा म्हणजे पिणे, त्यातून पान, पेय, आणि पानीय म्हणजे पिण्याजोगं, त्याचं झालं पाणी. म्हणजे पाणी आणि पॉयझन हे लांबचे चुलत भाऊ. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री साडेअकराला मी किचनमध्ये जाऊन बायकोला सांगितलं, ती म्हणाली छान, आता माठ भरून ठेव.

विष हा आपला शब्द पण तिकडे आहेच. लॅटिनमध्ये 'वायरस' म्हणजे विष, आणि वायरस आणि विष हे एकाच मुळाचे. म्हणजे आपण व्हायरसला विषाणू म्हणतो तेव्हा नकळत नात्यातलंच नाव ठेवलेलं आहे. आणि जर्मनमध्ये तर विषाला 'गिफ्ट'च म्हणतात, मुळात द्यायची वस्तू, डोस, म्हणून.

मला यात काय दिसतं सांगू का. विषाची ही जी परदेशी नावं आहेत ना, त्यात विष कसं आहे, कडू की जळजळीत, काळं की निळं, हे कुठेच नाही. त्यात आहे ते एवढंच की कुणीतरी प्यायला दिलं. कुणीतरी दिलं. म्हणजे नाव त्या पदार्थाचं नाहीच, पेला पुढे करणाऱ्या हाताचं आहे.

आता आपल्याकडे बघा. उंदीर मारायच्या विषाला आपण काय म्हणतो? उंदराचं औषध. ढेकणाचं औषध. शेतात फवारतात ते औषध. पेपरात एखाद्या शेतकऱ्याची बातमी असते आणि गावातली माणसं हळू आवाजात सांगतात, "औषध प्यायला हो." विष शब्द तोंडातून काढत नाहीत. आणि दारू? दारू हा फारसीतून आलेला शब्द, तिकडे त्याचा अर्थ औषध, म्हणून तर आपण 'दवादारू' म्हणतो, "त्याच्या दवादारूला पैसे नव्हते" यात दारूचा थेंब सुद्धा नसतो. म्हणजे इंग्रजांकडे साधं पेय घसरत घसरत विष झालं आणि आपल्याकडे औषध घसरत घसरत दारू झालं आणि दुसऱ्या बाजूने विष चढून औषध झालं. आणि तो इंग्रज दारूलाच पॉयझन म्हणत होता! वर्तुळ पूर्ण. ड्राय स्टेटमध्ये बसून हे सगळं सुचतंय हा आणखी एक भाग, आणि ज्या शहरात १९८९ साली विषारी दारूने शंभराच्या वर माणसं गेली त्या शहरात. गुजरातीत त्याला लठ्ठाकांड म्हणतात. मिथेनॉल. आमच्या प्लांटवर मिथेनॉलचे टँक होते, त्यावर लाल अक्षरात कवटी काढलेली, आणि सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये सांगायचे की मिथेनॉल स्वतः तेवढं करत नाही, लिव्हर त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं ते डोळ्यांच्या नसा जाळतं, आणि त्यावर हॉस्पिटलात एक उतारा देतात तो म्हणजे साधं इथेनॉल. म्हणजे चांगली दारू. तिच्यामागे लिव्हर लागलं की मिथेनॉल तसंच निघून जातं. ट्रेनिंग घेणारे जोशीबुवा टाइपचे गृहस्थ हे वाक्य म्हणताना दरवेळी कसनुसं तोंड करायचे.

माझी मुलगी युनिव्हर्सिटीत आहे, एमएसला. तिच्या तोंडी दर दोन वाक्यांनी टॉक्सिक. तो टॉक्सिक आहे, ती फ्रेंडशिप टॉक्सिक होती, त्या मॅडम तर फुल्ल टॉक्सिक. २०१८ साली ऑक्सफर्डवाल्यांनी वर्षाचा शब्द म्हणून हाच निवडला होता म्हणजे जगभर हीच परिस्थिती असणार. याच्या मुळाशी ग्रीक 'टॉक्सॉन', म्हणजे धनुष्य. बाणाच्या टोकाला लावायचं ते टॉक्सिक. आईने एकदा विचारलं, "अगं टॉक्सिक म्हणजे काय ते सारखं?" मुलगी म्हणाली, "म्हणजे आजी, विखारी. ज्यांच्याजवळ राहून आपल्याला त्रास होतो." आई जरा विचार करून म्हणाली, "मग आमच्या वेळी सगळं घरच."

आई हसत म्हणाली पण मला माहीत होतं ती कशाबद्दल बोलतेय. ते सांगतोच, पण त्याआधी बडोद्याची विषाची गोष्ट सांगायला पाहिजे, कारण आमच्या घरात त्या दोन गोष्टी एकमेकींत कालवल्या गेल्या आहेत.

आमचं मूळ घर दांडिया बाजारात. आजोबा ही गोष्ट अशी सांगायचे की जणू ट्रे धरून तेच उभे होते. ९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर, ज्याचं मल्हारराव महाराजांशी अजिबात पटत नव्हतं आणि दिवाण म्हणून आलेल्या दादाभाई नौरोजींशीही पटत नव्हतं, सकाळी फिरून आला. त्याला रोज पपनसाचं सरबत लागायचं. पेला टेबलावर ठेवलेला. दोन-तीन घोट घेतले, बरं वाटलं नाही, उरलेलं व्हरांड्यातून बाहेर ओतून दिलं. आणि पेला खाली ठेवताना बघतो तर तळाशी काळपट गाळ. आजोबा इथे थांबायचे. हातातला चहाचा कप उजेडाकडे धरून आत बघायचे आणि आम्ही पोरं पण मान वर करून बघायचो.

डॉक्टरला दाखवलं, मुंबईला तपासायला पाठवलं, निघाला सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि त्यात हिऱ्याची पूड. सोमलाचं समजू शकतं, त्याला चव नाही, पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून तळाशी बसला. पण हिऱ्याची पूड! आपल्याकडे 'हिरकणी गिळून जीव दिला' अशा गोष्टी आजीपासून ऐकलेल्या असतात, राण्या अंगठीतली हिरकणी गिळतात वगैरे. आता केमिकलवाला म्हणून सांगतो, हिरा म्हणजे कार्बन, पोटातलं ॲसिड त्याचं काही करत नाही आणि तो पोटाचं काही करत नाही. ज्याने कुणी तो घातला त्याला केमिस्ट्री येत नव्हती, गोष्टी येत होत्या.

महाराजांवर आळ आला. जानेवारी १८७५मध्ये अटक, फेब्रुवारीत कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन आपले, त्यात ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आलेला. रेसिडेन्सीतल्या रावजी हवालदाराच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, ती पोलिसांनीच तिथे ठेवली असं बॅलंटाइनचं म्हणणं. निकाल काय लागला, तर तीन विरुद्ध तीन. इंग्रज म्हणाले गुन्हा झाला, आपले म्हणाले शाबीत होत नाही. आणि मग सरकारने काय केलं, तर कमिशन बाजूला ठेवून 'गैरकारभार' या कारणावरून महाराजांना एप्रिलमध्ये गादीवरून काढलं आणि मद्रासला पाठवलं, तिथेच ते १८८२ साली गेले. मग आधीच्या खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेबांनी नाशिककडच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, तेच सयाजीराव. म्हणजे आज बडोद्यात जे जे दाखवायचं म्हणून पाहुण्याला दाखवतो, लक्ष्मी विलास, न्यायमंदिर, कमाटी बाग, ते सगळं त्या अर्धवट प्यायलेल्या पेल्यानंतरचं. सरबत कुणी बिघडवलं ते दीडशे वर्षांत ठरलेलं नाही. आजोबांचं मत ठाम होतं, आजीचं त्याच्या बरोबर उलटं.

आता आमच्या घरातलं.

२००३ साली थोरल्या काकांच्या मुलीचं लग्न पुण्याच्या एका स्थळाशी ठरत आलं होतं, बोलणी झालेली, साड्या बघून झालेल्या, आणि तिकडच्या लोकांना एक पत्र गेलं. निळं आंतरदेशीय. तीन ओळी. मुलीला फिट्स येतात, लपवून ठेवलं आहे, खात्री करा. खाली सही 'एक हितचिंतक'. इंग्रजीत याला 'पॉयझन पेन' म्हणतात आणि आपण 'निनावी पत्र' म्हणतो, जे फारच सभ्य झालं. स्थळ मोडलं. त्या लोकांनी पत्र परत पाठवलं काकांकडे, 'आपल्या माहितीसाठी'.

आता खरं म्हणजे तिला तिसऱ्या-चौथ्या वर्षी तापात एकदा आकडी आली होती. एकदाच. आणि ते घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे लिहिणारं माणूस घरातलं. काकू ते पत्र महिनाभर उशाशी घेऊन झोपली असेल, इतक्या वेळा तिने ते वाचलं, आणि तिला त्यात एक गोष्ट दिसली. अक्षरांवर शिरोरेघ नव्हती.

हे बडोद्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. माझी आई इथलीच, गुजराती मीडियममध्ये शिकलेली. गुजरातीत अक्षरांवर रेघ नसते. त्यामुळे ती मराठी लिहिते ते पण बोडकं, वाणसामानाची यादी असो नाहीतर माझ्या डब्यातली चिठ्ठी असो, क, ख, ग सगळे उघड्या डोक्याने फिरतात. काकू सांगलीची, मराठी शाळेतली, फुटपट्टीने आखल्यासारखी रेघ. तिला ते पत्र म्हणजे आईची सहीच वाटली. पण अहो बडोद्यात निम्मी मराठी माणसं अशीच लिहितात! आत्या तशीच लिहिते, आमचे शेजारी तसेच लिहितात, वीस वर्षं गणपतीच्या वर्गणीची पावती ज्यांनी फाडली त्यांच्या अक्षराला कधी रेघ नव्हती. बाबांनी हे सगळं सांगून बघितलं. घरात मोठ्यांची बैठक झाली, मामा आले, आत्या आली, आणि आमच्या कमिशनचा निकाल पण तोच, अर्धे अर्धे. काकू जाताना आईकडे न बघता म्हणाली, "शाबीत कशाला व्हायला पाहिजे?"

आजी तेव्हा होती. तिने कधीच कुणाचं नाव घेतलं नाही, एवढंच म्हणायची की कुणीतरी कालवलं. मला तेव्हा तो शब्द नेहमीचा वाटला होता, विष कालवणं. आता वाटतं काय शब्द आहे. दहीभात कालवतात. हाताने कालवतात, पाच बोटं घालून, स्वतःच्या माणसासाठी. इंग्रजीत पॉयझन हेच क्रियापद, काम एका शब्दात झालं, आपल्याकडे विषाला स्वतःचं क्रियापद नाही, ते स्वयंपाकघरातून नाहीतर शेतातून मागून आणावं लागतं. विष कालवतात, विष पेरतात, कानात ओततात, ओकतात, पचवतात. आणि मग भिनतं. भिनणं तर तेलाचं असतं, मसाल्याचं असतं, लोणचं मुरायला लागलं की मीठ भिनलं म्हणतो. आमच्या दोन घरांत ते तसंच भिनलं, हळूहळू, बरणीच्या बाहेर काही दिसत नाही पण आत फोड बदलत जाते. आधी बोलणं कमी झालं, मग संक्रांतीचा तिळगूळ पोरांच्या हातून जायला लागला, मग तोही बंद. काकांनी दांडिया बाजार सोडून मांजलपूरला बंगली बांधली. त्या मुलीचं पुढे इंदूरला छान झालं, दोन मुलं आहेत, सराफ्याचे फोटो टाकत असते, तिला या सगळ्याचं काही वाटत पण नसेल. चौदा वर्षं मात्र गेली.

२०१७ साली बाबांचा वॉल्व्ह बदलला. हार्टचा. मेटलचा बसवला आणि डॉक्टर म्हणाले आता जन्मभर वॉरफरिन. मी नाव ऐकून चपापलो कारण मी ते फॅक्टरीच्या गोडाऊनमध्ये वाचलेलं, पेस्ट कंट्रोलवाल्याच्या पाकिटावर. उंदराचं औषध! शंभर टक्के तेच. आधी अमेरिकेत गुरं बुरसलेलं गवत खाऊन रक्तस्रावाने मरायला लागली, त्या गवतातलं द्रव्य विस्कॉन्सिनच्या लॅबमध्ये शोधलं, त्यावरून वॉरफरिन केलं आणि १९४८ला उंदरांसाठी बाजारात आणलं. मग १९५१ साली एका अमेरिकन रंगरूटाने जीव द्यायला म्हणून ते खाल्लं आणि व्हिटॅमिन के देऊन तो चांगला बरा झाला, तेव्हा लोकांच्या डोक्यात आलं की हे माणसाला पण देता येईल की. १९५४पासून औषध. तोच रेणू. हे मी बाबांना सांगावं की नाही असा विचार करत होतो तर त्यांनीच मोबाइलवर शोधून ठेवलेलं. त्यानंतर रोज रात्री जेवण झालं की, "आण रे माझं उंदराचं."

दर महिन्याला आयएनआर काढायचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, दोन ते तीनच्या मध्ये पाहिजे, कमी झालं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं ते गोळीला उलटं जातं, म्हणून पालक-मेथी बंद नाही करायची पण रोज तेवढीच खायची, आज भरपूर आणि उद्या काहीच नाही असं करायचं नाही. आईने हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. काय चालेल, काय किती, काय नाही.

काकू हॉस्पिटलात आली होती. बोलली नाही फारसं, थर्मासमधून मुगाचं पाणी आणलं, बाकड्यावर बसून राहिली. काका तोपर्यंत गेलेले. आई आणि ती तीन रात्री त्याच बाकड्यावर आलटून पालटून झोपल्या. पत्राचा विषय कुणीच काढला नाही, आजपर्यंत नाही.

तर परवाच्या गणपतीत काकू आली. मांजलपूरच्या बंगलीच्या मागे पपनसाचं झाड आहे, या दिवसात लगडलेलं असतं, आरतीला पाच फळांत एक ते लागतंच. एक अख्खं गणपतीपुढे ठेवलं आणि शिवाय स्टीलच्या डब्यातून सरबत करून आणलेलं. "म्हटलं भाऊजींना सोलायला कुठे जमतंय."

आता भानगड अशी की बाबांना कोलेस्टेरॉलची पण गोळी आहे, आणि डॉक्टरांनी तिच्यासाठी बजावून सांगितलंय की ग्रेपफ्रूट नाही आणि पपनस नाही. पपनसात एक द्रव्य असतं ते आतड्यातल्या एका एन्झाइमला बंद पाडतं, तेच एन्झाइम ती गोळी मोडत असतं, ते बंद पडलं की गोळी रक्तात साठत जाते. मी डॉक्टरांना म्हटलं होतं की म्हणजे पाट अडवला, तर ते काय म्हणून बघायला लागले. एन्झाइम म्हणजे शरीराचा कॅटॅलिस्टच की. पपनस म्हणजे पॉयझन, अगदी आमच्या साहेबांच्या अर्थाने.

आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. इतक्या वर्षांनी आलेलं सरबत, नाही कसं म्हणणार. बाबांनी पेला घेतला, खिडकीकडे धरला, एक डोळा बारीक करून तळाशी बघितलं, हुबेहूब आजोबांसारखं.

"वहिनी, गाळ नाही ना?"

मला वाटलं झालं, आता संपलं सगळं. काकू सांगलीची असली तरी पन्नास वर्षं बडोद्यात काढलेली, सरबताची गोष्ट तिला तोंडपाठ. ती बघत राहिली आणि म्हणाली, "सोमलाचं बघता येईल भाऊजी, पण हिऱ्याची पूड घालायची माझी ऐपत नाही."

बाबा इतके हसले की आई म्हणाली जरा हळू. दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला, म्हणाले मस्त झालंय, उरलेलं सावकाश घेतो. मग आरती, मग प्रसाद, पेला तसाच.

नंतर काकू भांडी उचलून आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही म्हणून मी बघायला गेलो. फ्रिजपुढे उभी होती. एका हातात तो पेला, चष्मा कपाळावरून खाली ओढलेला, आणि आईचा कागद वाचत होती. पालक, मेथी, ठराविक. ग्रीन टी नको. सगळ्यात खाली, पपनस नको. एकाही अक्षरावर रेघ नाही.

मागून आई आली. काकू वळली नाही.

"अगं मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही एवढं करून आणलंत."

काकूने अजून एकदा तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग उरलेलं सरबत तिने स्वतःच सिंकमध्ये ओतलं, पेला विसळला आणि ओट्यावर पालथा घातला.